येते म्हणावं

१

दारातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणणारा माणूस बाईंना कधी खपला नाही. एकदा फ्रिज दुरुस्त करणारा ‘चला, जातो’ म्हणून जिना उतरू लागला, तर बाईंनी त्याला अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं आणि ‘येतो’ म्हणायला लावलं. तो म्हणाला, “अहो, मी परत आलो म्हणजे तुमचा फ्रिज परत बिघडला.” बाई म्हणाल्या, “बिघडू दे. पण येतो म्हणा.” त्यांच्या आईने त्यांना तसंच वळण लावलं होतं आणि त्यांनी तेच वळण तिसरीच्या प्रत्येक वर्गाला लावलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोराला सातचा पाढा येवो न येवो, निरोप घेता येतो, अशी शाळेत त्यांची चेष्टा चाले. बाईंना त्या चेष्टेचा मनातून अभिमानच होता.

तिसरीची दरवर्षी एक मुक्कामी सहल निघे. तळ्याकाठी शिबिराची जागा होती. तंबू, दोरीचा पूल, चढायची भिंत, सगळं मुलांच्या मापाचं. बाई इतक्या वेळा गेल्या होत्या की कोण गाडीत ओकणार, कोण संध्याकाळी आईच्या आठवणीने मुसमुसणार आणि कोणाचा एक मोजा कायमचा हरवणार, हे त्या बस सुटायच्या आधी सांगू शकत. या वर्षी मात्र त्यांना स्वतःलाच थोडी धाकधूक वाटत होती, कारण वर्गात त्यांची भाची होती. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी.

घरात तिला सगळे पक्की म्हणत. शब्दाची पक्की म्हणून पक्की. एकदा बापाने दुकानात ‘इथेच थांब, आलो’ म्हटलं आणि कोणाशी तरी गप्पांत रंगला, तर ही दुकानाचं शटर ओढायची वेळ आली तरी साबणांच्या मांडणीपाशी उभी. शाळेत ‘बाई’ म्हणायचं आणि घरी ‘मावशी’, हे तिला एकदाच सांगितलं होतं. त्यात तिची चूक कधी झाली नाही. डबा खाताना मावशीने तिच्या डब्यातला घास उचलला तरी ती म्हणे, “बाई, तो माझा आहे.”

शाळेच्या फाटकाशी बस उभी होती. धाकटीने मुलीच्या पाठपिशवीचे पट्टे उगाचच दोनदा ओढून पाहिले.

“ताई, तुझ्या भरवशावर पाठवतेय. आणि हिला काही सांगशील ते जरा विचार करून सांग. ही तसंच करते.”

“लोक मुलं ऐकत नाहीत म्हणून रडतात. तू ऐकते म्हणून रड,” बाई म्हणाल्या.

“जाते, आई,” पक्की म्हणाली.

“काय म्हणायचं असतं?” बाईंनी भुवई उंचावली.

“येते.” मग ती जरा विचारात पडली. “पण बाई, जिथे आपल्याला परत यायचंच नसेल, तिथे?”

“तिथेही येते म्हणावं. जाते म्हणू नये. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं.”

पक्कीने मान हलवली. ते तिच्या डोक्यात नीट जाऊन बसलं, हे बाईंना दिसलं आणि बरंही वाटलं.

२

शिबिरातला मुख्य माणूस म्हणजे शिट्टीदादा. त्याच्या गळ्यात शिट्टी असे आणि तो ती बोलण्याआधी, बोलून झाल्यावर आणि पुष्कळदा बोलण्याऐवजी वाजवी. सकाळी त्याने मुलांना गाठी शिकवल्या. एक न सुटणारी आणि एक टोक ओढलं की अलगद सुटणारी. दुपारी बोगदा होता.

बोगद्याचे नियम दोन. डोक्यावर दिव्याची टोपी नसेल तर आत पाऊल नाही. आणि आत असेपर्यंत जोडीदाराचा हात सोडायचा नाही. पक्कीच्या जोडीला वकील आला होता. त्याचं हे नाव वर्गानेच ठेवलं होतं, कारण तो प्रत्येक गोष्टीत ‘पण बाई’ काढी.

बोगदा म्हणजे एक जुना, बंद पडलेला पाण्याचा मार्ग. टेकडीच्या या अंगाने शिरून त्या अंगाला निघणारा, आता कोरडा ठणठणीत. या तोंडाशी उभं राहिलं की त्या तोंडाचा उजेड बशीएवढा दिसे. मधोमध भिंतीत एक कोनाडा होता, एक माणूस उभा राहील एवढा. तिथवर चालत जायचं, दिवे विझवायचे, ओरडायचं आणि परत फिरायचं, एवढंच काय ते साहस. दर वर्षी घरी गेल्यावर मुलं आयांना तेच आधी सांगत.

“आता काहीही ओरडा,” दादा म्हणाला.

आधी स्वतःची नावं झाली, मग शेजाऱ्याची. मग कोणीतरी ‘बटाटा’ म्हणून ओरडलं. बोगदा म्हणाला, “टाटा… टाटा…”

त्यावर इतका हशा पिकला की पुढचा किती तरी वेळ सगळा वर्ग बटाटा बटाटा करत राहिला आणि बोगदा सगळ्यांना टाटा करत राहिला. बाईंनी संधी साधून धडा घेतला. “पाहिलंत? प्रतिध्वनीत शब्दाची शेपटी ऐकू येते. आपलं बोलणं संपतं तेव्हाच ती आपल्यापर्यंत पोचते.” बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “चला, बोगद्याचा निरोप घ्या.”

“येतो…” वर्ग एका सुरात ओरडला.

“तो… तो… तो…” बोगद्याने उत्तर दिलं. दादाने शिट्टी मारली आणि रांग वळली.

पक्की त्या सुरात बोलली नव्हती. ‘येतो’ मुलगे म्हणतात, असं तिचं म्हणणं. रांगेत शेवटची ती आणि वकील. ती तोंडाशी थांबली, वळली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात एकटीच म्हणाली, “येते.”

काहीच झालं नाही. बाई पुढे निघाल्याही. मग आतून, बराच वेळ गेल्यावर, आवाज आला.

“ये.”

“पण बाई,” वकील म्हणाला, “ ‘ते’ यायला पाहिजे होतं. शेपटी. हे तर डोकं आलं.”

“वारा असेल,” बाई म्हणाल्या. तळ्याकाठच्या गवताचं पातंही हलत नव्हतं, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं.

३

संध्याकाळी जेवणाच्या शेडमध्ये दादाने पेला आणि चमचा घेऊन त्यांना सगळं समजावून दिलं. भिंतीला कुठे खळगा असतो, त्यात आवाजाचा एक तुकडा अडकतो, दुसरा पलीकडून निघून जातो. बाईंना ते फारसं समजलं नाही, पण पटलं. पटायला हवंच होतं. पलीकडच्या बाकावर चित्रकलेचे सर मुलांना सूप वाढत होते, कोणी पाव बुडवत होतं, कोणी पाव बुडवल्याबद्दल तक्रार करत होतं, आणि इतक्या गलक्यात एका अक्षराची काळजी करत बसणं बाईंना स्वतःलाच हास्यास्पद वाटलं.

हात धुवायची जागा शेडच्या मागे होती. पत्र्याचं एक लांबलचक टाकं, त्यावर नळांची रांग, खाली एकच भोक. बाई गेल्या तेव्हा बाकीची मुलं दात घासून पांगली होती. पक्की एकटीच टाक्यावर वाकून त्या भोकाला कान लावून उभी होती. तोंडात ब्रश तसाच.

“काय ग, काय करतेस?”

“बाई, ते परत म्हणालं.”

“कोण?”

“बोगदा.”

बाईंनी नळ घट्ट बंद केला. उरलेलं पाणी गुडगुड करत नळीत उतरलं. पाणी उतरताना हवा अडकते, त्याचा आवाज होतो, घरच्या मोरीतही होतो. त्या हेच मनाशी म्हणत उभ्या राहिल्या. गुडगुड संपली. नळी रिकामी झाली. मग त्या रिकाम्या नळीतून हळूच आलं, “ये.”

त्यात धमकी नव्हती की रडणंही नव्हतं. आतल्या खोलीतून कोणी जेवायला बोलवावं तसा तो आवाज होता, कसलीच घाई नसलेला. बाईंनी टाक्याचं बूच शोधून भोकात दाबून बसवलं आणि वरून हातही ठेवला. मग आपण हे काय करतोय असं वाटून हात काढला.

“मी येते म्हणाले ना त्याला,” पक्की तोंड पुसत म्हणाली. “मग जायला नको?”

“आता कुठे जायचं? अंधार पडतोय. चल झोपायला.”

“मग कधी?”

“उद्या बघू,” बाई म्हणाल्या.

मोठी माणसं म्हणतात तसंच त्यांनी म्हटलं होतं. खेळण्याच्या दुकानापुढे म्हणतात, कुत्रा पाळायचा का या प्रश्नावर म्हणतात. त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो हे जगातल्या सगळ्या पोरांना कळतं. फक्त एकीला कळत नाही, आणि धाकटीने तेवढंच सांगून ठेवलं होतं. बाईंना ते आठवलं तेव्हा पक्की तंबूत शिरून बुटांच्या नाड्या सोडत होती. आता पुन्हा विषय काढला तर तिच्या डोक्यात तो आणखी पक्का होईल, या विचाराने त्या गप्प राहिल्या.

४

झोपताना त्यांनी पाठपिशवीची एक लांब दोरी काढली. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं पक्कीच्या मनगटाला बांधलं.

“हे कशाला, बाई?”

“मला अनोळखी जागी भीती वाटते,” बाई म्हणाल्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

झोपेत त्यांना मधूनमधून जाग येई. दर वेळी त्या मनगट जरासं मागे घेत. दोरी ताठ होई, पलीकडे काहीतरी असल्याचं समजे, आणि त्या पुन्हा डोळे मिटत. अशी शांत झोप सहलीत त्यांना कधीच लागली नव्हती.

त्यांना जाग आली ती बाहेरच्या गडबडीने. सूर्य वर आला होता. दूध तापल्याचा वास येत होता आणि कोणीतरी एका मोज्यासाठी रडत होतं. बाईंनी मनगट ओढलं. दोरी ताठ झाली. त्यांनी वळून पाहिलं तर पक्कीचं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं आणि दोरीचं टोक तंबूच्या खांबाला बांधलेलं होतं. दादाने शिकवलेली, न सुटणारी गाठ.

बाई अनवाणीच बाहेर आल्या. वकील शेडच्या पायरीवर बसून दूध पीत होता. त्याच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी आली होती.

“पक्की कुठे आहे?”

“गेली. ती म्हणाली, उद्या झाला.” त्याने एक घोट घेतला. “मलाही चल म्हणाली, आम्ही जोडी आहोत ना. पण बाई, माझं दूध राहिलं होतं.”

“एकटी गेली?”

“टोपी घेऊन गेली,” वकील म्हणाला. नियम मोडलेला नाही, एवढंच त्याला कोर्टापुढे मांडायचं होतं.

बाईंनी सरांना मुलांजवळ थांबायला सांगितलं, वकिलाला दादाकडे पिटाळलं, हाताला लागलेले बूट तसेच पायात सरकवले आणि धावत सुटल्या. वय, गुडघे, लोक काय म्हणतील, काही आड आलं नाही. धाकटीने ओढून पाहिलेले पिशवीचे पट्टे तेवढे डोळ्यापुढे येत होते. बहिणीला आपण काय तोंड दाखवणार, याच्यापुढे त्यांचा विचारच सरकत नव्हता.

५

बोगद्याच्या तोंडाशी त्या थांबल्या. काहीतरी चुकत होतं आणि ते काय हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. पलीकडचा उजेड दिसत नव्हता. टेकडीच्या त्या अंगाला ऊन आलं असणार, काल दुपारपेक्षा जास्तच, आणि तरी बशीएवढा उजेड जिथे असायला हवा तिथे नुसता काळोख होता. कोणी पलीकडे गाडी लावली असेल. धुकं असेल. त्यांच्या मनाने एकामागून एक कारणं पुढे केली आणि त्यांनी एकही नाकारलं नाही, कारण नाकारलं असतं तर पाय पुढे पडले नसते.

आत दूर, जमिनीपासून फार उंच नाही, एक लहानसा दिवा होता. टोपीवरचा.

“पक्की,” त्यांनी हाक मारली. “इकडे ये.”

“ये,” आतून आलं. “ये… ये…”

दिवा अडखळला. बाईंकडे वळला, मग उलट्या दिशेला वळला, पुन्हा बाईंकडे. दोन बाजूंनी एकच शब्द येत होता आणि आपण कोणाचं ऐकायचं हे त्या मुलीला ठरवता येत नव्हतं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. तो शब्द आता वापरायचा नाही, एवढं त्यांना समजलं. मग त्या स्वतःच आत गेल्या, एक हात भिंतीला लावून, पावलांखालचे खडे वाजवत.

पक्की कोनाड्यापाशी उभी होती. केस विंचरलेले, बुटांच्या नाड्या दोन्हीकडे सारख्या. चेहरा मात्र दमलेला होता, पाहुण्यांच्या घरी फार वेळ बसवून घेतलेल्या पोराचा होतो तसा.

“मी केव्हाची निघालेय, बाई,” ती म्हणाली. “पण मी येते म्हणते, आणि ते म्हणतं ये. मग मला परत यावं लागतं.”

बाईंनी तिचा उजवा हात धरला आणि ओढला. पक्की हातभर आली आणि थांबली. बाईंनी पुन्हा ओढलं. तेव्हा त्यांना दिसलं की तिचा डावा हात मागे ताणलेला आहे. टोपीच्या दिव्याचा उजेड बाईंच्या अंगावर पडत होता, कोनाड्याच्या आत जात नव्हता. मुलीचा हात कोपरापर्यंत दिसत होता, पुढे अंधुक मनगट, आणि त्याच्यापुढे तिची मूठ. ती रिकामी मिटलेली मूठ नव्हती. हातात हात घेतल्यावर बोटं जशी वळतात तशी ती वळलेली होती.

“हात सोड,” बाई कुजबुजल्या.

“जोडीदाराचा सोडायचा नसतो,” पक्की म्हणाली. “वकील आला नाही ना.”

बाईंनी तिच्या टोपीचा दिवा कोनाड्याकडे वळवला नाही. पुढे कित्येक वर्षं त्यांना याचं आश्चर्य वाटत राहिलं, आणि बरंही. त्या फक्त ओढत राहिल्या. पलीकडून जोर नव्हता. झटापट नव्हती. नुसतं सोडलं जात नव्हतं.

दारात उभं राहून निरोप घेता घेता जे लोक तासभर निघत नाहीत, त्यांना बाई चांगल्या ओळखून होत्या. ‘येते’ म्हटलं की ‘ये’ म्हणतात, मग पुन्हा एक विषय निघतो. हे पोर बिचारं केव्हापासून तेच करत होतं. शब्द त्यांच्या तोंडाशी आला आणि तिथेच अडला. तो त्यांनी आयुष्यात उंबऱ्यावर कधी उच्चारला नव्हता. लहानपणी एकदा जीभ घसरली तर आईने त्यांना फाटकापासून परत आणून पाटावर बसवलं होतं, आणि पुन्हा नीट निघायला लावलं होतं.

“जाते,” बाई मोठ्याने म्हणाल्या.

“ते… ते… ते…” बोगद्याने शेपटी परत केली. साधा प्रतिध्वनी, पाठ्यपुस्तकातला. बाईंशी तो बोलतच नव्हता.

“तू म्हण,” त्या पक्कीला म्हणाल्या. “जाते म्हण.”

“असं म्हणू नये. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं.”

“वाटेल. तरी म्हणायचं.”

“तुम्हीच सांगितलं होतं, बाई.”

“मी अर्धंच सांगितलं होतं.” बाईंनी ओढणं थांबवलं. “परत यायचं असेल तिथे येते म्हणावं. यायचं नसेल तिथे जाते म्हणावं, म्हणजे कोणी उगीच वाट बघत बसत नाही. तुला इथे परत यायचंय का?”

पक्कीने खरोखर विचार केला. तो सगळा वेळ बाईंनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

“नाही,” ती म्हणाली. मग कोनाड्याकडे वळली, आणि शाळेत उत्तर द्यायला उभी राहते तशी सरळ उभी राहिली. “जाते. मी परत येणार नाही.”

आवाज परत आला नाही. शेपटीही नाही, डोकंही नाही. बाईंना स्वतःचं काळीज ऐकू येत होतं आणि कुठेतरी, फार लांब, शिट्टीचा आवाज.

मग अगदी जवळून, कानाशी बोलावं इतक्या जवळून, हलकेच आलं, “जा.”

पक्कीचा हात मोकळा झाला. ती बाईंच्या अंगावर येऊन आदळली. आणि पलीकडे, बोगद्याच्या त्या टोकाला, उजेडाची बशी दिसू लागली. आधी एक काठ, मग अर्धी, मग सगळी. मधे उभं असलेलं कोणीतरी बाजूला होत गेलं असतं, तर ती तशीच दिसली असती.

त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा शिट्टीदादा धापा टाकत पोचला होता. बाई गवतात बसल्या, मुलीला मांडीवर ओढलं, तिचे केस, कान, दोन्ही हातांची बोटं पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली, आणि त्यांना हसूही आलं आणि रडूही. एवढं हलकं त्यांना अख्ख्या आयुष्यात वाटलं नव्हतं. पक्कीचा डावा हात थंड होता, बस्स. उन्हात धरला तर तोही उबदार झाला.

“सापडली ना,” दादा म्हणाला. “मग झालं.”

“झालं,” बाई म्हणाल्या. त्यांनी आत वळून पाहिलं नाही.

“बाई,” पक्की म्हणाली, “मला दूध मिळेल का? उरलं असेल तर?”

६

उरलेला दिवस इतका छान गेला की बाईंना आपल्यावरच शंका आली. दोरीचा पूल झाला. हरवलेला मोजा सापडला, तो मोजेवाल्याच्याच पायात एकावर एक चढवलेला होता. वकिलाने दूध पीत बसल्याबद्दल पक्कीची रीतसर माफी मागितली आणि तिने ती रीतसर मान्य केली. बाई मात्र तिच्यापासून हातभरही लांब गेल्या नाहीत. हात धुताना त्या टाक्याकडे फिरकल्या नाहीत. बाटलीच्या पाण्याने सगळ्यांचे हात धुतले.

बस सुटायची वेळ झाली तशी मुलं सवयीने टेकडीकडे तोंड करून उभी राहिली.

“काय म्हणायचं, बाई?” कोणीतरी विचारलं, उत्तर माहीत असल्यासारखं.

“जातो म्हणा.”

रांगेत खळबळ उडाली. “पण बाई,” वकील म्हणाला, आणि बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुढचं गिळून टाकलं. वर्ग ओरडला, “जातो…” टेकडी काहीच बोलली नाही.

“पुढच्या वर्षी येणार ना, बाई?” दादाने बसच्या दाराशी विचारलं.

“बघू,” बाईंच्या तोंडून निघालं. पायरीवर चढवलेलं पाऊल त्यांनी खाली घेतलं. “नाही, दादा. येणार नाही. पोरांना दुसरीकडे नेईन.”

दादाला वाईट वाटलं, ते दिसलं. पण त्याला खरं उत्तर मिळालं, आणि त्याने शिट्टी वाजवून त्यांना निरोप दिला.

शाळेच्या फाटकाशी धाकटी आधीच येऊन उभी होती, इतर आयांपेक्षा चार पावलं पुढे. बाईंनी पक्कीचा हात तिच्या हातात दिला तेव्हा त्यांना दोन दिवसांचं ओझं खाली ठेवल्यासारखं झालं. सकाळचं सगळं त्या बहिणीला सांगणार होत्या, आज नाही, पण सांगणार होत्या. ‘नंतर सांगते’ असं त्यांनी मुद्दामच मोठ्याने म्हटलं, म्हणजे पक्की त्यांना विसरू देणार नाही.

“त्रास दिला का ग हिने, ताई?”

“छे. सांगितलं ते सगळं केलं.”

“सहल संपली का?” पक्कीने विचारलं.

“संपली.”

“मग मावशी म्हणते.” ती आईबरोबर थोडी पुढे गेली, थांबली आणि मागे वळली. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. “मावशी, आता काय म्हणू?”

बाई तिच्यासमोर वाकल्या. “तुला माझ्या घरी परत यायचंय?”

“हो. रविवारी.”

“मग येते म्हण.”

“येते, मावशी.”

“ये,” बाई म्हणाल्या.

ते त्यांच्या तोंडून आपोआप आलं, आयुष्यभर येत होतं तसं. दारात उभं राहून कोणी येते म्हटलं की माणूस दुसरं म्हणणार तरी काय. आणि त्यांच्याच कानांना ते ऐकू आलं, तो सूर, ती घाई नसलेली हाक, आणि त्यांच्या मानेवर काटा उभा राहिला. रस्त्यावर रहदारी होती, आया मुलांच्या पिशव्या ओढत होत्या, धाकटी हसत हात हलवत होती. काटा हळूहळू विरला. पण तो आवाज नेमका कसा होता, हे बाईंना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. त्यात वाईट असं काही नव्हतं. कोणीतरी ‘येते’ म्हटलं होतं आणि त्याने विश्वास ठेवला होता.

रविवारी बाई भल्या सकाळी उठून बसल्या. दूधवाल्याच्याही आधी. चहा केला, तो प्यायल्या नाहीत, बाहेरची खोली दोनदा झाडली, खिडकीशी गेल्या, परत आल्या. बेल वाजली तेव्हा त्या दाराशीच उभ्या होत्या.

दारात पक्की होती, बुटांच्या नाड्या दोन्हीकडे सारख्या. मागे धाकटी जांभई देत होती. “ऐकेना ग. म्हणाली, मावशीला शब्द दिलाय.”

“मी येते म्हणाले होते ना,” पक्की म्हणाली.

“हो,” बाईंनी तिला आत घेतलं आणि दोन्ही हात धरले. दोन्ही उबदार होते. “मी वाटच बघत होते.”